मेमसाबच्या पट्ट्या

आमच्या घरात मेमसाब एकच होती, आन ती मी नव्हती. ती घोडी होती. आमच्या मानसानं अकोल्याच्या बाजारातून तिले आनली त्याच दिवशी तिचं नाव मेमसाब ठेवलं. मी म्हनलं, "वा रे वा! बायको नुसती चतुरी आन घोडी मेमसाब?" तर म्हने, "पयले तिचे पाय पाह्य, मंग बोल." मी पाह्यले. पायासारखे पाय होते बाप्पा, चार.

मानसाचं नाव जानराव. नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हनतात, पन आमी छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली तवा कितीक जुन्या गोष्टी सोडल्या, त्यातच मी हेही सोडून देल्लं. नाव घेतल्यानं मानूस काई झिजत नाई.

जानराव लढाईच्या काळात पलटनीत होता, बर्मात. खच्चराइच्या पाठीवर सामान लादायचं, त्याइले नदीनाल्यातून न्यायचं आन त्याइचे पाय सांभाळायचे, हे त्याचं काम. बाकीचे लोक परत आले तवा कोनी घड्याळ आनलं, कोनी बूट आनले. यानं पत्र्याची पेटी आनली आन पेटीत पट्ट्या. घोड्याच्या पायाले बांधायच्या पट्ट्या! लोकरीच्या जाड, सुती पातळ, ओढली की तानते अशा, सगळ्या गुंडाळून लायनीत ठेवलेल्या. माह्या लुगड्याची घडी कधी कोनी अशी केली नाई.

आमचं घर बडनेऱ्याले नव्या वस्तीत. टेसनावर गाडी आली की जानराव सवाऱ्या घेऊन अमरावतीले जाये, तीन कोस, आन तिकडच्या सवाऱ्या घेऊन परत ये. त्याच्यावरच घर चालत होतं. दरसाल पावसाच्या आधी अमरावतीले टांग्याइची पासिंग राहे. जनावराचा डॉक्टर घोडं पळवून पाहे, पायावरून हात फिरवे, चाकं पाहे, कंदील पाहे, मंग टांग्याच्या नंबरबिल्ल्यावर नव्या सालाचा शिक्का बसे. घोडं लंगडं निघालं की बिल्ला जमा. बिल्ला नाई तर टेसनावर टांगा उभा करू देत नाई. मंग बसा घरी, घोडीच्या तोंडाकडे पाहत.

तर एकोनसाठ सालच्या मे महिन्याची गोष्ट हाये.

जानराव एक सवारी घेऊन अंजनगाव बारीले गेला. दोन-तीन दिवसापासून त्याचं अंग कसकस करून राह्यलं होतं. मी म्हनलं, जाऊ नोका. पन आमच्या घरात माहं आयकते कोन? दुपारी बाराच्या उन्हात घरासमोर टांगा येऊन थांबला. मले वाटलं, आले बुवा. पाह्यतो तर लगाम खाली लोंबून राह्यला, आन जानराव मांगच्या सीटवर आडवा, डोळे पांढरे, आंग तव्यावानी तापलेलं. घोडीनं त्याले एकटीनं आनला. सडक सोडून वावरातून आली असंन, कारन गुडघ्या-टोंगळ्यापर्यंत काळ्या मातीचा फुफाटा होता, आन पुढचा डावा पाय ती जमिनीवर नुसता टेकवून उभी होती. उन्हाळ्यात आमच्याकडच्या वावराले हातहात भेगा पडतात. त्यातच कुठी पाय गेला होता.

मी बोंब ठोकली. शेजारचा शालिकराम, तोही टांगेवालाच, धावत आला. त्याच्या टांग्यात टाकून जानरावले अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हने मुदतीचा ताप हाये, टायफाईड, एकवीस दिवस खाटेवरून उठायचं नाई. पासिंगले अठरा दिवस राह्यले होते.

मी खाटेपाशी बसली तर ह्या मानसानं डोळे उघडले आन पयला सवाल काय केला? "मेमसाब कशी हाये?" मले असा राग आला! म्हनलं, "मी बरी हाये, इचारलं म्हनून मेहेरबानी." पन मंग मले आठवलं, कोनी घरी आनला याले? ती लंगडत आली होती बिचारी, तीन कोस, थांबली नाई. म्या मुकाट्यानं सांगतलं, डावा पाय सुजला हाये.

"पेटी उघड," त्यानं म्हनलं. "सुती पट्टी घे, पान्याची. टोंगळ्याच्या खालून सुरू कर, खुराच्या वरच्या गाठीपर्यंत जाय. ओली ठेव." एवढं बोलून त्याची मान पडली.

माह्या पायाले तेव्हापासून जी भिंगरी लागली ती अठरा दिवस सुटली नाई. घरी आली, पट्टी बादलीत भिजवली, बांधली. चांगली आवळून बांधली, सुटू नाई म्हनून. पेज शिजवली, डबा घेतला, पुन्हा अमरावती. संध्याकाळी परत येऊन पाह्यतो तर घोडी पाय आपटून राह्यली, दावं तोडायले पाहून राह्यली. मे महिन्याचं ऊन! पट्टी वाळून कडक झाली होती, आन पट्टीच्या वर पाय सुजला, पट्टीच्या खालीही सुजला. गाठ सुटेना. विळ्यानं कापली. माय वं! पायावर वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी जानरावले सांगतलं तर तो तापातच उठून बसाले लागला. "पान्याची पट्टी सुकली की फास होते! तुले ओली ठेव म्हनलं होतं ना?"

"मी इथी राहू का तिथी राहू?" म्या म्हनलं. "माहे दोन तुकडे करा, एक इथी ठेवा, एक घोडीपाशी!"

शेजारच्या खाटेवरचा मानूस हासला. जानराव नाई हासला. त्यानं माहा हात धरला. त्याचा हात भाजत होता. अन् हळूहळू, थांबत थांबत, त्यानं मले सगळं सांगतलं. एकच पट्टी सगळ्या कामाले चालत नाई. नवी मोच आन पाय गरम, तर पान्याची पट्टी, दोन-तीन दिवस, आन तिच्यापाशी बसून पानी मारत राहायचं. गरमी उतरली की ठानावरची पट्टी, म्हंजे घोडं घरी बांधलेलं असतानीची, लोकरीची जाड, आन तिच्या खाली कापसाच्या रुईची गादी, म्हंजे दाब सारखा बसते. जनावर रस्त्यानं चालवायचं असंन तर रस्त्याची पट्टी, ताननारी, पातळ, खुराच्या गाठीच्या वरच थांबनारी, आन घरी आलं की लगेच सोडायची. गाठ मारायची ते बाहेरच्या अंगानं. पायाच्या नळीमागच्या नसेवर गाठ आली तर नस गेली समज. आन पट्टीच्या आत एक बोट गेलं पायजे. दोन गेले तर सैल, एकही नाई गेलं तर फास.

मी सगळं डोस्क्यात बसवलं. शाळेत गेली नाई मी, पन एकदा आयकलेलं मी विसरत नाई.

तीन दिवस मी घोडीच्या पायापाशी बसली. शालिकराम दवाखान्यात डबा नेये, मी पानी मारत राहो. बसल्या जागी मले चैन पडे ना. मनात सारखं, तिकडे त्याचं काय होऊन राह्यलं असंन? चौथ्या दिवशी पायाची गरमी उतरली. आमच्या गल्लीतली पंचफुला जिनिंगमधी कामाले होती, तिनं सरकी काढलेली साफ रुई आनून देल्ली. जुन्या धोतराच्या दोन पदरात रुई भरून म्या पायाएवढ्या दोन उलशा गोधड्या शिवल्या, एक मळली की दुसरी. गोधडीवर लोकरीची पट्टी. घोडी उभी राहे, पाय देये. तिले जानरावनं शिकवलंच होतं, पट्टी बांधतानी हालायचं नाई. पन मी पाठ फिरवली की उजव्या पायावरचं वजन डाव्यावर, डाव्यावरचं उजव्यावर. ती बी माह्यावानीच, एका जागी थारा नाई.

आता मी तिकडे गेली की इकडचं सुचे, इकडे आली की तिकडचं. दिवसातून चारदा पट्टी सोडो आन पाहो, उतरली का सूज? पंचफुला ओरडली, "बाई वं, बांधली तशी राहू दे ना! घडीघडी काय उघडतं? भाकर हाये का तव्यावरची?" पन माहा हातच राहे ना. वस्तीतला म्हातारा पुंजाजीबुवा येऊन म्हने, विळा तापवून डाग द्या पायाले, आमच्या बापाच्या काळापासून देतात. म्या म्हनलं, "तुमचा टोंगळा दुखते ना बुवा? पयले त्याले देऊन पाहू, गुन आला तर घोडीले देऊ." बुवा पुन्हा आला नाई.

आठव्या-नवव्या दिवशी जानरावचा ताप डोस्क्यात गेला. मी डबा घेऊन गेली तर त्यानं मले वळखलं नाई. मले म्हने, "हवालदारसाब." म्हने, पूल तुटला, दोर बांधा. म्हने, खच्चर मोजा, एक कमी भरून राह्यलं. मी तोंडात पदर कोंबून उभी. मंग त्यानं माहं मनगट पकडलं, असं पकडलं का बांगडी फुटली, आन म्हने, "बऱ्याले बांध. बऱ्या पायाले पयले बांध."

"बरं बरं, बांधतो," म्या म्हनलं. लहान पोराले समजावतात तसं.

तो पुन्हा म्हने, "बऱ्याले पयले!" आन लगेच पुन्हा पुलाचं सुरू झालं.

घरी येऊन मी पंचफुलाले हे सांगतलं. सांगता सांगता मले हासू आलं, मंग हासता हासता रडू आलं. दुखऱ्या पायाले सोडून बऱ्या पायाले पट्टी कोन बांधते? तुमीच सांगा. डोकं दुखते म्हनून कोनी पोटाले लेप लावते का? पेटीत लोकरीची दुसरी पट्टी होती, रुई होती, हात होते. पन मी त्या गोष्टीले तापातलं बोलनं समजली. जी गोष्ट त्यानं शुद्धीत सांगतली ती एकूनएक केली. ही एक सोडून देल्ली.

चवदाव्या दिवशी ताप उतरला. त्यानं मले वळखलं, पेज पेला, झोपला. आन घोडीचा डावा पाय थंड! म्या चारदा हात फिरवून पाह्यला. नळीमागची नस दोरीवानी सरळ लागली. मी पंचफुलाच्या गळ्यात पडली, शालिकरामच्या बायकोले गूळ वाटला. जानराव लय थकला होता, त्याले जास्त काई इचारलं नाई, त्यानं बी इचारलं नाई. नुसतं म्हनलं, "डावा बरा झाला." तो हासला आन पुन्हा झोपला.

पासिंगच्या दिवशी सकाळीच म्या घोडीले टांग्याले जोडलं. शालिकराम म्हने, "वयनी, मी हाकतो." म्या म्हनलं, "तुह्या टांग्याले कोन हाकीन मंग? तुहीही पासिंग हाये ना?" अन् मी टांग्यात बसलीच नाई. तिच्यावर माहं वजन कशाले? डाव्या पायाले रस्त्याची पट्टी बांधली, जशी सांगतली होती तशी, पट्ट्याइची पेटी टांग्यात ठेवली, आन लगाम हातात धरून तिच्यासंगं पायी निघाली. रिकामा टांगा, समोर बाई पायी. सडकेवरचे लोक थांबून पाहत. राजापेठेत एक जन म्हने, "काय वं बाई, टांगा मिरवायले काढला का?" म्या म्हनलं, "हो, तुही वरात समजून मांगं ये."

पन माहं तोंड चालत होतं तरी जीव थाऱ्यावर नव्हता. अर्ध्या वाटेपासून घोडी मान खाली-वर करून राह्यली होती. लंगडनारं घोडं तशी मान हालवते, हे मले माहीत होतं. मी थांबली. डाव्या पायाची पट्टी सोडली, हात लावला. थंड. पुन्हा बांधली, निघाली. पुन्हा मान. पुन्हा थांबली, पुन्हा डावा पाय. थंडच! मंग उगीच, काई सुचे ना म्हनून, म्या उजव्या पायावर हात ठेवला.

उजवा पाय गरम होता. नळीमागं सूज.

मी तशीच सडकेवर बसली. अठरा दिवस डाव्याचं सगळं वजन उजव्यानं उचललं होतं. रोज, उभ्याउभ्या. आन आज त्याच उघड्या पायावर मी तिले दोन कोस चालवून आनली. बऱ्याले बांध. बऱ्याले पयले बांध. दुखरा पाय तर आपन सांभाळतोच, सगळा भार तर बऱ्यावर पडते! तापात बोलला का शुद्धीत बोलला, गोष्ट खरी होती. म्या माह्याच तोंडात मारून घेतली.

कशीबशी पासिंगच्या मैदानात पोचली. पन्नास-साठ टांगे लागले होते. आमचा नंबर यायले घंटाभर होता. शालिकरामनं घोडीचा पाय पाह्यला आन इकडेतिकडे पाहून हळूच म्हने, "वयनी, घाबरू नोको. सुती पट्टी ओली कर, आन आवळून बांध. ताकद लावून. घंटाभरात सूज दबते, पाय सुन्न होते. नंबर आला की सोड, आन पळव. डॉक्टरले काई समजत नाई. सगळे करतात."

"आन मंग?"

"मंगचं मंग पाहू. बिल्ला तर हातात येईन."

बिल्ला! बिल्ला गेला तर जानराव दवाखान्यातून येऊन कुठी जाईन? त्याच्या अंगात हमाली करायची ताकद राह्यली नव्हती. त्याले खच्चर, घोडं याच्याशिवाय दुसरं काई येतच नव्हतं. मी पट्टी घेतली. नळाखाली ओली केली. घोडीच्या पायापाशी बसली आन ताकद लावून एक वेढा घातला, दोन घातले. तिले दुखलं असंन, दुखलंच असंन, कातडी थरथरली. पन ती हालली नाई. पट्टी बांधतानी हालायचं नाई. तिनं तर पाय आनखी उलसा पुढं केला, मले सोपं जावं म्हनून.

माहे हात थांबले. बांधनारी दगा देऊन राह्यली हे त्या मुक्या जनावराले कसं समजावं? याच पायानं तिनं माहा मानूस घरी आनला होता, आन त्याच पायाले मी फास घालून राह्यली होती. म्या दोन्ही वेढे सोडले. शालिकरामच्या हातात पट्टी देल्ली. "नाई जमत मले," म्हनलं. तो चिडला, म्हने, "मंग मरा." मले त्याचा राग नाई आला. त्यानं चांगलंच पाह्यलं होतं आमचं.

नंबर आला. डॉक्टर चष्मेवाला, वयस्कर. त्यानं घोडी दहा पावलं चालवली, दहा पावलं पळवली. मंग खाली बसून डाव्या पायाची पट्टी सोडली आन पायावरून हात फिरवला, लय येळ.

"बाई, या पायाला मार लागला होता. पट्टी कोणी बांधली?"

"मी."

"छान बांधलीस. शिकलेल्या माणसाला जमत नाही अशी." मंग त्यानं उजव्या पायाले हात लावला आन मान हालवली. "आणि याला का नाही बांधली? दोन्ही पायांना बांधली असतीस तर आज शिक्का मारला असता मी. कोणी सांगितलं नाही का तुला?"

"सांगतलं होतं," म्या म्हनलं.

त्यानं बिल्ला जमा करून घेतला. म्हने, महिनाभर आराम द्या, मग पुन्हा आणा, पाय बरा असेल तर परत देऊ. आन नसला बरा तर? ते त्यानं सांगतलं नाई, म्या इचारलं नाई.

मैदानातून मी सरळ दवाखान्यात गेली. टांगा आवारातल्या निंबाखाली उभा केला आन आत धावली. जानराव खाटेवर उशीले टेकून बसला होता. दाढी केली होती कोनी तरी. गालाची हाडं वर आलेली, पन डोळे साफ होते. मले पाहून म्हने, "झाली पासिंग?"

मी एका दमात सगळं ओकून टाकलं. "नाई झाली. डावा बरा हाये, उजवा गेला. म्या बांधली नाई. तुमी सांगतलं होतं, बऱ्याले पयले बांध, आन म्या बांधली नाई. तुमी मले हवालदार म्हनून राह्यले होते, मले वाटलं बरळून राह्यले. बिल्ला गेला. महिनाभर गेला, पुढचं माहीत नाई. काय बोलायचं ते बोला, मारायचं असंन तर मारा, पन चूप बसू नोका."

त्यानं उशी बाजूले सारली. मंग म्हने, "घोडी कुठी हाये?"

"बाहेर. निंबाखाली."

"पाय उघडे?"

तिकडून इकडे येतानी मले पट्टीचं भानच नव्हतं राह्यलं. माहं तोंड पाहून तो समजला. त्यानं पाय खाटेखाली सोडले. मी म्हनलं, "अवो, उठू नोका! एकवीस दिवस म्हनलं हाये डॉक्टरनं!" पन तो भिताडाले धरून निघाला सुदा. मी त्याची एक बगल धरली. नर्सबाई मांगून ओरडत राह्यली.

निंबाखाली तो जमिनीवरच बसला. घोडीनं मान खाली घातली आन त्याच्या डोस्क्याचा वास घेतला. त्यानं तिच्या उजव्या पायावरून हात फिरवला, वरून खाली, खालून वर. मी टांग्यातल्या पेटीतून गोधड्या काढल्या, लोकरीच्या पट्ट्या काढल्या. त्यानं पट्टी हातात घेतली, एक वेढा घातला, आन पट्टीची गुंडाळी हातातून सुटून धुळीत घरंगळत गेली. म्या उचलून आनली. तो पट्टीकडे पाहत राह्यला. मंग म्हने, "तू बांध."

मी बांधली. तो सांगत होता, "सैल नोको. ओढ सारखी ठेव. आता बाहेरून मांगं." मी गाठ मारली. त्यानं एक बोट आत घालून पाह्यलं, गेलं.

मले वाटून राह्यलं होतं, आता शिवी देईन, मंग देईन. मले ती पायजे होती. म्या म्हनलं, "बोला ना काई तरी!"

"बर्मात एक खच्चर होतं माह्यापाशी," त्यानं म्हनलं. माह्याकडे पाह्यलं नाई, घोडीच्या पायाकडेच पाहत होता. "त्याचा डावा पाय मुरगळला. मी रोज पट्टी बांधली. एकाच पायाले. मले कोनी सांगतलं नव्हतं. डावा बरा झाला आन नदी उतरतानी उजवा तुटला, पाठीवर सामान असतानी." त्यानं गाठ पुन्हा चाचपली. "हवालदारनं बंदूक माह्याच हातात देल्ली. म्हने, तुहं जनावर हाये, तूच मोकळं कर."

लग्नाले आमच्या बारा वर्सं झाले होते. त्यानं पट्ट्याइचं सगळं सांगतलं होतं, हे कधी सांगतलं नव्हतं. मी घोडीच्या पायापाशी तशीच बसली आन मोठ्यानं रडली. लोक पाहून राह्यले तर पाहू दे म्हनलं. त्याच्यासाठी रडून राह्यली का त्या खच्चरासाठी का माह्या चुकीसाठी, ते मले समजत नव्हतं. सगळंच एका जागी येऊन दाटलं होतं.

"रडू नोको चतुरे," तो म्हने. "ही जित्ती हाये. ही उभी हाये ना आपल्यासमोर? महिनाभर बांधू. दोन्हीले." त्यानं घोडीच्या डाव्या पायाकडे हात केला. "चाल, डाव्याची पट्टी घे."

तेवढ्यात नर्सबाई वॉर्डबॉयले घेऊन तनतनत आली. मानूस मरून जाईन म्हने, तुमाले अक्कल हाये का, घोड्यासाठी पेशंटले मातीत बसवलं! म्या नाक पुसलं, दुसरी गोधडी घोडीच्या डाव्या पायाले लावली आन पट्टीचं टोक दातात धरलं. मंग ते टोक काढून नर्सबाईले म्हनलं, "बाई, एक पाय राह्यला हाये. तेवढा होऊ दे."